धुरपदेचा हात

तांबुळनेरच्या नीळेश्वराला कधी गेलात, तर आधी आत जाऊन देवाच्या पाया पडा आणि मग बाहेरून भिंती बघत सावकाश फिरा. घाई करू नका. देऊळ फार जुनं आहे. कुणी बांधलं ते कुणालाच माहीत नाही, म्हणून सगळं गाव पांडवांनी बांधलं असं सांगतं, आणि एका रात्रीत बांधलं असंही वर सांगतं. ते ऐकून घ्यावं, वाद घालत बसू नये. सगळा काळा दगड आहे, चुन्याचा कण नाही, आणि भिंतीचा तळहाताएवढा तुकडासुद्धा कोरल्यावाचून सोडलेला नाही.

खाली हत्तींची रांग आहे. तिच्यावर घोडे, घोड्यांवर माणसं. कुणी लढतंय, कुणी ढोल वाजवतंय, एकजण पायातला काटा काढत बसलाय तो अजून निघालेला नाही. त्यांच्या वर पुरुषभर उंचीच्या बायका. एक आरशात बघते, एकीचा पदर माकड ओढतंय. दागिने असे कोरलेत की वारा आला तर वाजतील असं वाटावं. हे सगळं बघत बघत पश्चिमेच्या भिंतीला या. गोमुखाकडे वळायच्या अलीकडे, कोपऱ्यात, दोघी उभ्या दिसतील.

एक लहान आहे, आठ-दहा वर्षांच्या पोरीएवढी, अंगभर दागिने ल्यालेली. दुसरी तिच्याशेजारी भिंतीला पाठ लावून उभी आहे. हिच्या अंगावर दागिना नाही. लुगडं कामकरणीसारखं वर खोचलेलं, कमरेला दगड घडवायची टाकी खोवलेली. आणि हिचा एक हात त्या पोरीच्या डोळ्यांवर आहे. बाहेरगावची माणसं हसतात, म्हणतात, बघा, देवळाच्या भिंतीवर आंधळी कोशिंबीर चाललीये. जाणत्यांच्या मात्र एक गोष्ट ध्यानात येते, की डोळे झाकायचे तर बोटं जुळवून धरावी लागतात, आणि इथे तर पाचही बोटं ताणून फाकलेली आहेत. इतका मोठा कारागीर इतकी साधी चूक कशी करील?

कारागिराची चूक नाही ती. भिंतीवरच्या बाकीच्या बायका घडवलेल्या आहेत. ही घडवलेली नाही, असं म्हणतात.

फार फार मागची गोष्ट. तेव्हा हिचं नाव धुरपदा होतं आणि ती गावातून ओरडत फिरायची, "जात्याला टाकी लावायची का, टाकीऽऽ". जातं दळून दळून गुळगुळीत झालं की पीठ जाडं पडतं. मग पाथरवटीण येते, वरची तळी उलटी करते आणि टाकी-हातोडीने तिला पुन्हा खरखरीत करून देते. धुरपदेचा नवरा खाणीत दगडाखाली गेला, तेव्हापासून त्याची टाकी हिच्या हातात आली. तिचं काम चोख होतं, पण तोंड फाटकं. दळणारणीलाच ऐकवायची, की जातं झिजलं नाही बाई, तुझा हात आळशी झालाय. बायका चिडायच्या आणि पुन्हा तिलाच बोलवायच्या.

तिच्या कामाला एक लय होती. दोन ठोके टाकीचे, मग एक फुंकर. दगडाचा भुगा उडायचा, पुन्हा दोन ठोके, पुन्हा फुंकर. सगळे पाथरवट असंच करतात. भुगा उडवला नाही तर पुढचा ठोका कुठे घालायचा ते दिसत नाही. आयुष्यभराची सवय ती. तव्यावरून उतरलेल्या भाकरीवर, पोरीच्या खरचटलेल्या गुडघ्यावर, कशावरही धुरपदेची फुंकर पडायचीच. लोक तिला चिडवायचे, की धुरपदे, तू देवाच्या समईपुढे उभी राहू नकोस. ही फुंकर नीट लक्षात ठेवा.

पोरीचं नाव ठकू. एवढी एकच होती. एका वर्षी गावात देवी आल्या, घरटी एक तरी पोर आडवं झालं. ठकू वाचली, पण दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. बुबुळं पांढरी झाली आणि उजेड-अंधार सोडून काही कळेना. धुरपदेने काय केलं नाही? वैद्याचं अंजन घातलं, उपास केले, कुणी सांगितलेला झाडपाला वाटून बांधला. पोर चाचपडत उंबऱ्याला अडखळायची. मी डोळे मिटल्यावर हिला कोण बघणार, हा एकच घोर तिला लागला होता.

आता मिटकीचं सांगायला हवं. पश्चिमेच्या भिंतीवर आज जी लहान पोर दिसते, ती तेव्हा एकटीच उभी होती, आणि गाव तिला मिटकी म्हणायचं. तिच्या अंगावरचा मणी न् मणी कोरलेला होता, फक्त डोळे उघडलेले नव्हते. डोळ्यांच्या जागी नुसते दोन गुळगुळीत उंचवटे. गावात कुणाचे डोळे आले, कुणाच्या पोराला रांजणवाडी झाली, की मिटकीच्या त्या उंचवट्यांना लोणी लावायची रीत होती. ठकूसाठी धुरपदेने इतकं लोणी लावलं की मुंग्यांची रांग देवळाला वेढा घालून गेली. गुण काही आला नाही.

मग धुरपदेच्या डोक्यात एक विचार शिरला. ती देवळाच्या ओट्यावर गुरवाच्या म्हाताऱ्या आईपाशी जाऊन बसली. त्या म्हातारीला सगळे भागाई म्हणत. पत्रावळी लावता लावता भागाईची नजर गेली होती, पण देवळातली एकही ऐकीव गोष्ट तिला ठाऊक नाही असं नव्हतं.

"भागाई," धुरपदा म्हणाली, "जिला सवताला डोळं न्हाईत, ती माझ्या पोरीला कुठनं देणार?"

भागाईचा पत्रावळीतला हात थांबला. तिने सांगितलं, की ज्या कारागिराने सगळी भिंत घडवली, तो हिचे डोळे उघडायला बसला आणि टाकी टेकवताच त्याने हात मागे घेतला. दगडाने आत श्वास ओढल्यासारखं त्याला ऐकू आलं, असं म्हणतात. ही भुकेली आहे, हिला अशीच राहू द्या, एवढं बोलून तो खाली उतरला तो पुन्हा कधी त्या कोपऱ्याकडे गेला नाही.

धुरपदेने ऐकून घेतलं. पण ज्याला गरज असते त्याला जेवढं हवं तेवढंच ऐकू येतं. तिने मनात धरलं ते एवढंच, की डोळे उघडायचे राहिलेत.

चैत्राचं ऊन होतं. भर दुपारी, सगळं गाव घरात पडलेलं असताना, धुरपदा पोरीला घेऊन देवळामागे गेली. आमच्याकडे शहाणं माणूस टळटळीत दुपारी देवळाच्या मागे जात नाही. रात्रीचं एक वेळ बरं, तेव्हा निदान भीती वाटते म्हणून माणूस सावध असतं. दुपारी सावली पायाखाली जाते, पाखरू बोलत नाही, आणि तापलेल्या भिंतीतून बारीक आवाज येत राहतात. धुरपदेने ठकूला जोत्यावर बसवलं, पदराचं टोक तिच्या मुठीत दिलं आणि मिटकीच्या डोळ्यांवरचं जुनं लोणी पुसून काढलं.

"मी तुला डोळं देते," तिने दगडाला सांगितलं, "तू माझ्या पोरीला दे. ह्यात कुनाचं काय बुडत न्हाई."

आणि तिने टाकी लावली. दगड तिला जन्मात कधी इतका मऊ लागला नव्हता. वरची पापणी उठली, खालची उठली, मध्ये बुबुळाची कड आली. खाचेत भुगा साठला. धुरपदेने तोंड जवळ नेलं आणि सवयीने फुंकर मारली.

फुंकर मारली की भुगा उडतो, थोडा आपल्याच तोंडावर येतो. इथे भुगा उडाला नाही. तो आत गेला. त्याच्या पाठोपाठ धुरपदेच्या छातीतला वारा असा ओढून निघाला, जसं कुणीतरी तान्ह्या पोरासारखं घटाघटा प्यावं. ती मटकन खाली बसली. अजून वेळ होता. टाकी ठेवून घरी गेली असती, तर ही गोष्ट सांगायला मी बसलो नसतो. पण एक डोळा उघडा आणि एक मिटलेला, असं काम अर्धवट टाकणं तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. ती उठली, दुसरा डोळा उघडला आणि दुसरी फुंकर मारली.

तेवढ्यात मागून ठकू म्हणाली, "आई, त्या बाईचा पदर माकड ओढतंय."

धुरपदेने वळून पाहिलं. पोरीच्या डोळ्यांतलं फूल गेलं होतं. काळीभोर बुबुळं भिंतीवर फिरत होती. नवऱ्याच्या मौतीलाही जी बाई चारचौघांत रडली नव्हती, ती त्या दिवशी देवळामागच्या धुळीत बसून मोठ्याने रडली. मग घरोघर गूळ वाटला. ज्यांच्याशी भांडण होतं त्यांच्या घरी दुप्पट दिला. पोरीला कडेवर घेऊन ती गावभर दाखवत सुटली, की ही बघ वाळत घातलेली मिरची, हे लाल, हा पोपट, हे हिरवं.

काही दिवस असे सुखाचे गेले. पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की ठकूच्या पापण्या लवत नव्हत्या. डोळ्यावर माशी बसली तरी ती तशीच बघत राहायची. धुरपदेने मनाची समजूत घातली, की नव्या डोळ्यांची हौस असेल पोरीला. मग एकदा दुपारी चुलीकडे तोंड करून बसलेली ठकू म्हणाली, की बारवेवर गुरवाची सून पाय घसरून पडली. बारव देवळाच्या पश्चिमेला. तिथलं धुरपदेच्या घरातून काही दिसत नाही. धुरपदा धावत गेली, तर सून खरंच पाय धरून पायरीवर बसली होती. वर बघावं तर मिटकीची नजर नेमकी बारवेवर लागलेली.

त्यानंतर ठकू जड होत चालली. आधी बाजेची सुतळी सैल पडली, मग काडकन तुटली. सारवलेल्या ओल्या अंगणात तिचं पाऊल बैलाच्या खुरासारखं रुतायला लागलं. जेवण नको म्हणायची. बोटं गार असायची, उन्हात बसवली तरी गारच. आणि तिकडे देवळात उलटा प्रकार. गुरव सकाळी भिंतीवर पाणी घालायला जायचा, तर मिटकीचा दगड कोमट लागायचा. सावलीत असूनही तिच्या अंगावरचं लोणी वितळून खाली यायचं. एकदा त्याला तिच्या मानेवर घाम दिसला. एकदा तिच्या पायाशी भाकरीचा तुकडा सापडला, त्यावर लहान दातांच्या खुणा होत्या. गुरवाने घागर तिथेच ठेवली आणि पुढे कित्येक दिवस त्या बाजूला पाणी पडलं नाही.

एका दुपारी धुरपदेच्या दारावर कुणीतरी हळूच दगडावर दगड आपटावा तसं वाजवलं. ठकू समोर भिंतीला टेकून बसली होती, तोंड मिटलेलं. आणि दाराबाहेरून ठकूच्याच आवाजात हाक आली, "आई".

धुरपदेने दार उघडलं नाही. ऊन कलल्यावर तिने बाहेर पाहिलं, तर उंबऱ्यापासून देवळाच्या वाटेपर्यंत दगडाच्या भुग्याची पावलं उमटली होती. लहान पावलं, ठकूच्या मापाची.

ती तडक भागाईकडे गेली आणि झालं ते सगळं सांगितलं. भागाईने एकच विचारलं.

"डोळं उघडलंस, त्याचं न्हाई म्हनत मी. फुकलंस व्हय त्यावर?"

"सवयीनं फुकलं," धुरपदा म्हणाली. भागाईने कपाळाला हात लावला. तिने सांगितलं, की देवळाचे कारागीर मूर्तीवरचा भुगा मोरपिसाने झाडतात, ओल्या फडक्याने टिपतात, पण तोंडाने कधी उडवत नाहीत. तोंडचा वारा हा प्राण असतो. जात्यावर फुंकलं तर काही होत नाही, त्याला कुठे नाकडोळे आहेत. पण डोळे उघडलेल्या दगडावर फुंकलं, तर तो दगड तुझं लेकरू झाला. आणि तुझ्या छातीत एकाच लेकराचा वारा आहे. तो दोघींत वाटला गेलाय, आणि दगड भुकेला आहे, तो सगळाच ओढून घेणार. एकच उपाय, ज्या टाकीने डोळे उघडलेस त्याच टाकीने फोड. पोरीचे डोळे पुन्हा जातील, पण पोर राहील.

दुसऱ्या दिवशी ठकूला उचलायला चार गडी लागले. बैलगाडीत घालून तिला देवळापाशी आणलं आणि पश्चिमेच्या जोत्यावर निजवलं. तिचा रंग तोवर करडा झाला होता. छातीवर हात ठेवून बराच वेळ थांबलं, तर एखादा श्वास कळायचा. भागाई उशाशी बसली. गडी बैल सोडायच्या निमित्ताने लांब गेले ते लांबच राहिले. पुन्हा तीच दुपारची वेळ झाली. पाखरं गप्प झाली, सावल्या पायाखाली गेल्या, आणि धुरपदेने मिटकीच्या डोळ्यावर टाकी टेकवून हातोडी उचलली.

तेव्हा मिटकी बोलली, असं म्हणतात. ओठ हलले नाहीत, पण भागाईनेही ते ऐकलं.

"आई, माझ्या डोळ्यात कन गेलाय. फुकर मार ना."

धुरपदेचा हात वरच्या वर राहिला. मागे पोटची पोर दगड होत चालली होती, आणि पुढे दगडाची पोर डोळा चोळायला हात हलत नाही म्हणून आईला सांगत होती. लहानपणी ठकू असंच म्हणायची, ह्याच शब्दांत. धुरपदा तोंडाने फाटकी होती, मनाने नव्हती. जिला आपण डोळे दिले तिच्या त्याच डोळ्यात टाकी कशी मारायची? तिने हातोडी टाकून दिली. टाकी कमरेला खोवली. भागाईला वाटलं, संपलं आता, पोर गेली.

पण धुरपदा मिटकीच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिने आपला तळहात त्या उघड्या डोळ्यांवर ठेवला. लेकरू झोपत नसलं की आई ठेवते, तसा. "नीज आता," ती म्हणाली, आणि दळताना म्हणतात तशा हलक्या आवाजात गुणगुणायला लागली. तळहाताखाली दगडाच्या पापण्या फडफडल्या. मग मिटल्या. त्याच क्षणी जोत्यावर ठकूने मोठा श्वास घेतला आणि ती कुशीवर वळली.

धुरपदेने हात जरा उचलून पाहिला. पापण्या उघडल्या आणि ठकूचा श्वास तुटला. हात परत ठेवला, श्वास परत आला. एवढ्यावरून तिला सगळं कळलं. ती भागाईला म्हणाली, "पोरीला भाकरी घाल. मला आता इथनं हलता यायचं न्हाई."

ठकूचे डोळे पुन्हा पांढरे झाले. पण पोर चालती-बोलती राहिली, भागाईच्या घरी वाढली. आणि धुरपदा तिथेच उभी राहिली. गावाने तिच्या डोक्यावर पानांचा मांडव घातला. बायका घास भरवायच्या. तिला क्षणभर टेकता यावं म्हणून कुणी आपला हात मिटकीच्या डोळ्यांवर ठेवला, तर मिटकीला परका हात कळायचा. भागाईचा हातसुद्धा एक घास चावून होईपर्यंत पुरायचा, मग पापण्या फडफडायला लागायच्या. रागाने बोलणं तर धुरपदेने तिथूनही सोडलं नाही. मांडव गळका घातला म्हणून तिने गुरवाला भर पावसात सुनावलं होतं म्हणे. पण वर्षांमागून वर्षं गेली, आणि तिचे पाय आधी गार पडले, मग भिंतीच्या रंगाचे झाले.

ठकू रोज काठी टेकत यायची, आईच्या पायाला हात लावायची, आणि दगड कुठवर चढला ते बोटांनी बघायची. एक दिवस तिने विचारलं, की मी धरते ना मिटकीचे डोळे, माझा हात तिला परका नाही, एकाच वाऱ्याच्या आहोत आम्ही.

हे खरं होतं. ठकूचा हात चालला असता. धुरपदेला सुटता आलं असतं, चालत घरी जाता आलं असतं. पण मग भिंतीला ठकू चिकटली असती.

"बघ बरं माझ्या हातावर हात ठिवून," धुरपदा म्हणाली. ठकूने ठेवला. "पुरत न्हाई अजून. मिटकीचं दोन्ही डोळं झाकाया माझ्याएवढा हात पायजे. वाढू दे, मग बघू. जा घरी."

ठकू घरी गेली. पुढे दर काही दिवसांनी ती येऊन हात ठेवून बघायची आणि दर वेळी तेच ऐकायची, पुरत नाही अजून, जा घरी. ठकू वाढली. पत्रावळी लावायला शिकली. तिचं लग्न झालं, तिच्या हातांना कामाने घट्टे पडले. ज्या हाताने ती लहानपणी आईचं बोट धरायची, तो हात आता तिला स्वतःलाच मोठा वाटायचा. तरी तो काही पुरेना. आपलं मापच लहान, असं वाटून ती खट्टू व्हायची, आणि आईला उरलेला घास भरवून परत यायची.

मग एका दुपारी तिने हात ठेवला आणि आई काहीच बोलली नाही. ठकूने खांद्यावर हात नेला, गळ्यावर नेला, ओठांवर नेला. सगळीकडे दगड लागला. ती तिथेच बसली. पुष्कळ वेळाने उठली आणि तिने आईचा तो हात पहिल्यांदाच नीट चाचपून पाहिला, एकेक बोट, मनगटापासून नखापर्यंत. तेव्हा तिला कळलं. आईची पाचही बोटं ताणून फाकलेली होती, जेवढी फाकता येतील तेवढी. आंधळ्या पोरीने मापाला हात ठेवला, की आई आपला हात असा पसरून धरायची. ठकूचा हात केव्हाच पुरेसा झाला होता.

"आई," ती म्हणाली, "इतकी वर्सं खोटं बोललीस तू."

मग दगडाच्या कुशीत तोंड घालून ती पोटभर रडली. आत, फाकलेल्या बोटांखाली, मिटकीचे डोळे मिटलेलेच होते. दगड झालेल्या हातानेही त्यांना उघडू दिलं नव्हतं.

तांबुळनेरच्या घराघरात अजून दगडावर कुणी फुंकत नाही. जात्याखालचं पीठ फडक्याने झाडतात, पाट्यावरची चटणी बोटाने निपटतात, आणि पोराच्या डोळ्यात कण गेला तर पदराच्या टोकाने काढतात, मग पोर कितीही रडो. दुपारच्या वेळी गुरव कुणाला देवळाच्या मागे जाऊ देत नाही. त्या फाकलेल्या बोटांच्या फटींतून आत बघू नये, हेही तो सांगतो. ज्यांनी बघितलं त्यांच्यातले काही म्हणतात आत नुसता दगड आहे. काही काहीच सांगत नाहीत, आणि पुढे जत्रेला येत नाहीत.

महाशिवरात्रीच्या जत्रेला मात्र सकाळच्या सावलीत पश्चिमेच्या भिंतीशी रांग लागते. गावचं प्रत्येक पोर, आणि तुमच्यासारखा बाहेरून भिंती बघायला आलेला माणूससुद्धा, जोत्यावर चढतो आणि धुरपदेच्या हातावर आपला हात ठेवतो. तेवढीच तिला टेक मिळते, दगडालाही अवघडत असेलच की. हात ठेवला की खालून काहीतरी हलल्यासारखं वाटतं, फुलपाखरू मुठीत धरावं तसं. घाबरून हात ओढू नका. मोठमोठ्या पैलवानांचे पंजे तिथे ठेवून झालेत, तरी तिच्या हाताबाहेर अजून कुणाचं बोट गेलेलं नाही. शेजारी गुरवाच्या घरची सगळ्यांत म्हातारी बाई उभी असते. ठकूने तिथे हात ठेवून बघणाऱ्या आपल्या नातवंडांना जे सांगितलं, तेच ती रांगेतल्या प्रत्येकाला सांगते, लहान असो की थोर, आणि पाठीवर हात फिरवून खाली उतरवते.

"पुरत न्हाई अजून. जा घरी."